पाहुणी पाच आठवड्यांची

"ताई, फक्त पंधरा दिवस सांभाळा. इथं ठेवली तर जगायची नाही हो ही."

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी एका प्राणी-निवाऱ्यात जुनी गोधडी द्यायला गेले होते. गोधडी दिली आणि येताना रिक्षातून चक्क कुत्री घेऊन आले! बसस्थानकाजवळ सापडलेली. लूत लागून अंगावरचे केस गेलेले, कानात गोचिड्या, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. वजन जेमतेम साडेसात किलो. लूत एकीची दुसरीला लागते, त्यामुळे तिला इतर कुत्र्यांत ठेवता येईना आणि वेगळी जागा तर शिल्लकच नव्हती.

गारखेड्यातल्या आमच्या घराच्या दारातच सासूबाई उभ्या. "हे काय आणलंस गं? मरायलंय ते!" ह्यांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. मागच्या अंगणात पोतं अंथरून मी तिला ठेवलं. मुलीनं नाव ठेवलं चिंधी.

तिचे डोळे बघून माझं पोट तुटलं. दूध-पोळीचा काला केला, वाडगं भरून ठेवलं. दोन मिनिटांत फस्त! मी आणखी वाढलं. वाटलं, किती पुण्य लागलं आपल्याला... पहाटे बघते तर उलट्या, जुलाब आणि चिंधी मान टाकून पडलेली. मी रडायलाच लागले.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "उपाशी पोटाला एकदम वाढतात का कुठं? बहात्तरच्या दुष्काळात बघितलंय मी. दिवसचे दिवस उपाशी माणूस एकदम पोटभर जेवला की आडवाच व्हायचा. बाळंतिणीला कसं, थोडं थोडं देतो आपण?"

डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि तेच सांगितलं. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम आलेलं अन्न पेलत नाही, कधी जिवावरही बेततं. दूधही बऱ्याच कुत्र्यांना पचत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा, पण मूठभरच द्यायचं. मऊ भात, उकडलेलं अंडं. आमचं घर शाकाहारी! शेवटी सासूबाईंनीच अडगळीतलं ॲल्युमिनियमचं पातेलं काढून दिलं. "अंगणात उकड. माझ्या ओट्यावर नको."

मग सुरू झालं रोजचं रहाटगाडगं. डॉक्टरांनी कातडी किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. त्वचेत बारीक किडे होते. औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून दुसऱ्याच्या कुत्र्याची चिठ्ठी आपल्याला चालत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गाडीचं जळकं ऑइल लाव." बऱ्याच ठिकाणी लावतात, पण कुत्री अंग चाटते आणि ते विष पोटात जातं. ते कधीच लावू नका. गोचीड तापाच्या गोळ्या चार आठवड्यांच्या होत्या. पोर बागडायला लागली तरी मध्येच बंद करायच्या नाहीत.

औषधाची आंघोळ आठवड्यातून एकदा, आणि आमच्या गल्लीत तेव्हा नळ यायचा आठ-आठ दिवसांनी! कपडे खंगाळलेलं शेवटचं पाणी मी तिच्यासाठी बाजूला ठेवायची. हातमोजे न घालण्याचा शहाणपणा केला, तर माझ्याही हातावर खाजरं पुरळ उठलं. रेबीजची लस तिला निवाऱ्यातच दिलेली होती. तरी डॉक्टरांनी बजावलं होतं, दात किंवा नख लागलं तर आधी साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवायची, मग त्याच दिवशी दवाखाना. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते.

तिसऱ्या आठवड्यात पाठीवर तांबूस लव आली. चौथ्यात तिनं पहिल्यांदा शेपूट हलवली. कुणाकडे बघून? सासूबाईंकडे! सातारा परिसरातल्या खंडोबाला जाऊन आल्या त्या दिवशी मला म्हणाल्या, "देवाच्या पायाशी कुत्रं असतंच की."

पंधरा दिवसांचे पाच आठवडे झाले. वजन बारा किलो भरलं. नसबंदीही निवाऱ्यानं करून घेतली. जालन्याचं एक कुटुंब तिला न्यायला आलं. मुलगी रुसून बसली, मीही स्वयंपाकघरात तोंड लपवलं. ठेवूनच घ्यावी, असं शंभरदा मनात आलं. पण आमचा तो एकच कोपरा. तो अडला असता, तर पुढची कुठं गेली असती?

मैत्रिणींनो, हे आज सांगण्याचं कारण आहे. शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री उचलून, नसबंदी-लसीकरण करून निवाऱ्यात ठेवा, परत तिथं सोडू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे निवाऱ्यांवरचा भार वाढणार. त्यांना पैसा लागतोच, पण आजारी जिवाला महिनाभर वेगळं ठेवायला एखादं अंगणही लागतं. कायमचं पाळणं सगळ्यांना जमत नाही. बरं करून पाठवणं मात्र आपल्याला जमतं. माहेरी आलेल्या लेकीचं आपण दुसरं काय करतो?

परवा सासूबाई कपाट आवरत होत्या. आतूनच म्हणाल्या, "पुन्हा कधी जाणारेस त्या निवाऱ्यात? एक जुनी गोधडी निघालीय."