अनेक भाषांचा एक पडदा : युरोपीय चित्रपट पुरस्कार

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात काही लोकांनी एक नवलाचा खेळ पाहिला. पडद्यावर आगगाडी स्थानकात शिरत होती, कारखान्याच्या दारातून कामगार बाहेर पडत होते. अवघ्या सहा महिन्यांपूर्वी, म्हणजे २८ डिसेंबर १८९५ रोजी, फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी पॅरिस येथे हाच खेळ प्रथम तिकीट लावून लोकांना दाखविला होता. इतक्या अल्पावधीत तो सातासमुद्रांपलीकडे येऊन पोहोचला, ह्याचे एक कारण असे की, त्याला भाषा नव्हती. गाडी आली हे समजावयास फ्रेंच यावे लागत नाही.

पुढे ज्यांनी भारतीय चित्रपटाचा पाया घातला ते दादासाहेब फाळके तरुणपणी आपल्या ह्याच बडोद्याच्या कलाभवनात शिकले. १९१२ साली ते ही कला शिकण्यासाठी व यंत्रसामग्री आणण्यासाठी लंडनला गेले आणि १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट प्रदर्शित केला. मूकपटाला देशोदेशी फिरणे सोपे होते. मधूनमधून येणाऱ्या लेखी पाट्या तेवढ्या बदलल्या की, एकच चित्रपट कोणत्याही मुलखात दाखविता येई.

परंतु १९२७ नंतर चित्रपट बोलू लागला आणि त्याबरोबर प्रत्येक भाषेभोवती एक कुंपण उभे राहिले. आपल्याकडे प्रभात कंपनीने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत व हिंदीत असा दोनदा तयार केला. जर्मनीत १९३० साली ‘द ब्लू एंजल’ हा चित्रपटही ह्याच रीतीने जर्मन व इंग्रजी अशा दोन भाषांत घेण्यात आला होता. अर्थात हा खटाटोप खर्चाचा होता व तो फार काळ चालणे शक्य नव्हते. ज्या देशाची भाषा कोट्यवधी लोक बोलतात तेथील निर्मात्याला आपल्याच प्रेक्षकांवर भागविता येते. परंतु ज्याची भाषा दहा-वीस लाख लोकच बोलतात, त्याने चित्रपट काढावा कोणाच्या भरवशावर? युरोप हे खंड तसे लहान. परंतु आज केवळ युरोपीय संघाच्याच अधिकृत भाषा २४ आहेत. त्यांतील बहुतेक भाषांपुढे हा प्रश्न उभा आहे. उलट हॉलिवूडचा इंग्रजी चित्रपट युरोपातील प्रत्येक शहरात जाऊन पोहोचतो. त्यामुळे घडते असे की, एस्टोनियाचा प्रेक्षक अमेरिकेचे चित्रपट पाहतो आणि पोर्तुगालचाही अमेरिकेचेच पाहतो. मात्र एस्टोनियाचा चित्रपट पोर्तुगालमध्ये व पोर्तुगालचा एस्टोनियात क्वचितच दिसतो. शेजारी असून ओळख नाही, अशी ही अवस्था आहे.

ही ओळख घडवून आणण्याचा एक प्रयत्न म्हणजे युरोपीय चित्रपट पुरस्कार. त्यांचा पहिला सोहळा २६ नोव्हेंबर १९८८ रोजी पश्चिम बर्लिनमध्ये झाला. त्या वर्षी त्या शहरास ‘युरोपची सांस्कृतिक नगरी’ हा मान मिळालेला होता. परंतु ही नगरी त्या काळी एका भिंतीने दुभंगलेली होती. भिंतीच्या एका बाजूस पश्चिमेकडील लोकशाही राष्ट्रांचा युरोप होता, तर दुसऱ्या बाजूस सोव्हिएत रशियाच्या प्रभावाखालील युरोप. अशा ठिकाणी सर्वोत्कृष्ट युरोपीय चित्रपटाचे पहिले पारितोषिक कोणाला मिळाले असेल? ते मिळाले भिंतीपलीकडच्या पोलंड देशाला. क्षिश्तॉफ किश्लॉव्स्की ह्या दिग्दर्शकाच्या ‘अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग’ ह्या चित्रपटाची त्यासाठी निवड झाली होती.

ह्या चित्रपटात एक तरुण काही कारण नसताना एका टॅक्सीचालकाचा खून करतो आणि पुढे राज्यसत्ता त्या तरुणाला फाशी देते. दोन्ही प्रसंग दिग्दर्शक सारख्याच तपशिलाने दाखवितो व निर्णय प्रेक्षकावर सोपवितो. चित्रपट पडद्यावर आला त्या सुमारास पोलंडमध्ये देहान्त शिक्षेविषयी मोठा वाद चालू होता. एप्रिल १९८८ नंतर त्या देशात कोणालाही फाशी दिले गेले नाही आणि १९९७ च्या नव्या दंडसंहितेतून ती शिक्षाच काढून टाकण्यात आली. हे केवळ एका चित्रपटामुळे झाले असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु त्या वादात लोकांना विचार करावयास लावणाऱ्या कृतींमध्ये त्याची गणना होते. सोहळ्याला एक वर्ष पुरे होण्याच्या आतच, ९ नोव्हेंबर १९८९ रोजी, बर्लिनची ती भिंत खुली झाली.

पहिल्या सोहळ्यात जीवनगौरवाचा मान स्वीडनचे दिग्दर्शक इंगमार बर्गमन व इटलीचे नट मार्चेल्लो मास्त्रोयान्नी ह्यांना देण्यात आला. त्याच सुमारास युरोपातील नामवंत चित्रपटकारांनी एकत्र येऊन एक संस्था स्थापन केली. तीच पुढे युरोपियन फिल्म अकादमी ह्या नावाने प्रसिद्धीस आली. बर्गमन हे तिचे पहिले अध्यक्ष होत. त्यांच्यानंतर १९९६ पासून २०२० पर्यंत जर्मनीचे विम वेंडर्स ह्यांनी ही धुरा वाहिली. पुढे पोलंडच्या आग्निएश्का हॉलंड ह्यांच्याकडे व २०२४ साली फ्रान्सच्या अभिनेत्री ज्युलिएट बिनोश ह्यांच्याकडे अध्यक्षपद आले. प्रारंभी ह्या पारितोषिकाच्या मूर्तीला ‘फेलिक्स’ असे सुटसुटीत नाव होते. १९९७ पासून ते नाव मागे पडले.

आता ही निवड होते तरी कशी, ते पाहू. अकादमीचे सभासद पाच हजारांहून अधिक आहेत. ते सर्व चित्रपटव्यवसायातीलच लोक असतात : दिग्दर्शक, लेखक, नट, छायालेखक, संकलक, संगीतकार इत्यादी. आधी वर्षभरातील चित्रपटांतून एक यादी तयार होते. सभासद त्यांतील चित्रपट पाहून मते देतात व त्यांतून मोजकी नामांकने ठरतात. शेवटच्या मतदानाने विजेता निश्चित होतो. ह्यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, ग्रीसच्या सभासदाला फिनलंडचा चित्रपट आणि आइसलँडच्या सभासदाला रुमानियाचा चित्रपट पाहावा लागतो. चित्राखाली उमटणाऱ्या भाषांतराच्या ओळी वाचीत, परक्या भाषेचा नाद कानांवर घेत, शेजाऱ्याच्या घरात डोकावण्याचाच हा प्रकार होय.

अमेरिकेच्या ऑस्कर पारितोषिकांची कीर्ती तुम्ही ऐकली असेल. तेथे इंग्रजीखेरीज अन्य भाषांतील चित्रपटांसाठी एक वेगळे पारितोषिक ठेवलेले आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मुख्य मान अन्य भाषेतील बोलपटाला प्रथम मिळाला तो २०२० साली, ‘पॅरासाइट’ ह्या कोरियन चित्रपटाला. युरोपीय पुरस्कारात अशी एखादी मुख्य भाषा व बाकीच्या ‘अन्य’ भाषा असा भेद नाही. इंग्रजी ही तेथे अनेकींपैकी एक. चित्रपट युरोपीय आहे की नाही हे तो काढणारे लोक कोठले, ह्यावरून पाहिले जाते. चित्रीकरण कोठे झाले ह्याला तितके महत्त्व नाही. म्हणूनच मुंबईत चित्रित झालेला ‘स्लमडॉग मिलियनेअर’ हा ब्रिटिश चित्रपटही तेथे पात्र ठरला आणि २००९ साली प्रेक्षकांच्या पसंतीचे पारितोषिक त्याने मिळविले.

हा सोहळा एकाच ठिकाणी होत नाही. साधारणतः एक वर्ष बर्लिन व एक वर्ष अन्य शहर असा क्रम राखलेला आढळतो. २००६ साली तो वॉर्सा येथे, २०१० साली टॅलिन येथे, २०१२ साली माल्टा बेटावर, २०१४ साली रिगा येथे, २०२२ साली रेक्याविक येथे व २०२४ साली लुसर्न येथे झाला. ज्या आइसलँडची लोकसंख्या चार लाखही भरत नाही, त्याच्या राजधानीत साऱ्या खंडाचे चित्रपटकार एका रात्रीसाठी गोळा होतात, ही गोष्ट त्या लहान देशाच्या मनाला केवढा धीर देत असेल!

२०२१ साली ज्या चित्रपटास हे पारितोषिक मिळाले त्याची हकीकत अवश्य सांगावीशी वाटते. बोस्नियातील यास्मिला झ्बानिच ह्या दिग्दर्शिकेचा ‘को वादिस, आयदा?’ हा तो चित्रपट. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा ह्या गावी बोस्नियातील सर्ब सैन्याने आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुषांची व मुलांची हत्या केली. चित्रपटाची नायिका आयदा ही शाळेतील शिक्षिका असून युद्धकाळात संयुक्त राष्ट्रसंघाच्या छावणीत ती दुभाषी म्हणून काम करते. सैनिकांचे शब्द गावकऱ्यांना आणि गावकऱ्यांचा आक्रोश सैनिकांना सांगणे, हे तिचे कर्तव्य. ज्या आश्वासनांवर तिचा स्वतःचाच विश्वास उडत चालला आहे, ती तिला आपल्या तोंडाने लोकांना सांगावी लागतात. आणि त्याच वेळी आपला पती व दोन मुलगे ह्यांना वाचविण्यासाठी तिचा जीव तळमळत असतो. ही भूमिका सर्बियाच्या यास्ना ज्युरिचिच ह्या अभिनेत्रीने केली व तिलाही सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. ज्या दोन समाजांत रक्त सांडले, त्यांतील एकीने दुसरीचे दुःख स्वतःचे म्हणून उभे करावे, ह्याहून मोठे भाषांतर कोणते?

तथापि ह्या पुरस्कारांविषयी सारेच काही उत्साहवर्धक आहे, असे समजू नये. सामान्य युरोपीय माणसालाही ऑस्करची जेवढी माहिती असते तेवढी ह्या सोहळ्याची नसते. मुख्य पारितोषिक पुष्कळदा आधीच गाजलेल्या चित्रपटाकडे जाते. २०१७ सालचा ‘द स्क्वेअर’, २०२२ सालचा ‘ट्रँगल ऑफ सॅडनेस’ व २०२३ सालचा ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ ह्या तिन्ही चित्रपटांनी त्यापूर्वीच फ्रान्समधील कान महोत्सवात सर्वोच्च मान मिळविला होता. ज्याला दिव्याची खरी गरज, त्याच्या दारी तो नेहमीच पोहोचतो असे नाही. सोहळ्याकडे अधिक लोकांचे लक्ष जावे म्हणून चालकांनी त्याचा काळही बदलला. पूर्वी बहुधा डिसेंबरात होणारा हा सोहळा २०२६ पासून जानेवारीत, जगातील इतर मोठ्या चित्रपट पारितोषिकांच्या हंगामात होऊ लागला. दोष असूनही काम सोडावयाचे नाही, हा चालकांचा बाणा प्रशंसनीय आहे.

तुमच्या वयाच्या वाचकांना विशेष आवडेल अशी एक गोष्ट आता सांगतो. २०१२ साली अकादमीने बालप्रेक्षकांचे पारितोषिक सुरू केले. त्याचे परीक्षक कोण? तर बारा ते चौदा वर्षे वयाची मुले! युरोपातील अनेक शहरांतील मुले चित्रपटगृहांत जमून नामांकित चित्रपट पाहतात, त्यांवर चर्चा करतात व मते देतात. आणि ठिकठिकाणची मते एकत्र होऊन निकाल जाहीर होतो. पहिला मान नेदरलँड्सच्या ‘काउबॉय’ ह्या चित्रपटाला मिळाला. घरट्यातून पडलेले पाखरू वडिलांच्या नकळत घरात सांभाळणाऱ्या एका दहा वर्षांच्या मुलाची ती कथा आहे. त्याची आई आता ह्या जगात नाही, हे त्याला स्वतःशीदेखील कबूल करवत नाही. ही कथा समजून घेण्यास डच भाषा यावीच लागते असे नाही, हे अन्य देशांच्या मुलांनी आपल्या मतांनी दाखवून दिले.

शेवटी आपण जेथून निघालो तेथेच परत येऊ. २०२४ साली लुसर्न येथे सर्वोत्कृष्ट सचेतन चित्रपटाचे पारितोषिक ‘फ्लो’ ह्या चित्रपटाला मिळाले. तो लाटव्हियाच्या गिंट्स झिलबालोदिस ह्या तरुण दिग्दर्शकाने फ्रान्स व बेल्जियम ह्यांच्या सहकार्याने काढला. लाटव्हियाची लोकसंख्या वीस लाखांहूनही कमी, म्हणजे आपल्या बडोदे शहराच्या आसपास. चित्रे तयार करण्यासाठी त्याने वापरलेली संगणकप्रणालीदेखील कोणासही विनामूल्य मिळणारी होती. महापूर आला आहे आणि एक मांजर, एक कुत्रा, एक कॅपिबारा, एक लेमूर व एक लांब पायांचा पक्षी एकाच नावेत सापडले आहेत. मांजराला कोणाचाच सहवास नको असतो. परंतु नाव एकच आणि पाणी तर चढत चाललेले. संपूर्ण चित्रपटात एकही शब्द उच्चारला जात नाही. पुढे मार्च २०२५ मध्ये ह्याच चित्रपटाने ऑस्करही जिंकले. लाटव्हिया देशाला मिळालेले ते पहिलेच ऑस्कर होय. वॉटसन हॉटेलातील त्या मुक्या आगगाडीप्रमाणे हे मुके मांजरही साऱ्या सीमा ओलांडून गेले.

परंतु प्रत्येकाने मुके होऊन भागणार नाही. लाटव्हियाच्या माणसाला आपल्या भाषेतही बोलावयाचे असणारच, आणि त्यासाठी कोणीतरी ऐकणारा हवा. आपणा बडोद्याच्या मराठी कुटुंबांना हे सांगावयास नको. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, कचेरीत हिंदी वा इंग्रजी, असा आपला दिवस जातो. आपली भाषा घरी जपावी आणि शेजाऱ्याची भाषा मन लावून ऐकावी, ही दोन्ही कामे आपण पिढ्यान्‌पिढ्या एकदम करीत आलो आहोत. तेव्हा मुलांनो, पुढच्या वेळी एखादा परभाषेतील चित्रपट समोर आला, तर खालच्या ओळी वाचण्याचा कंटाळा करून उठून जाऊ नका. घटकाभर बसा. त्या ओळींच्या वर कोणीतरी आपल्या आईच्या भाषेत बोलत आहे.