समुद्राच्या पेटींत नळाचें पाणी

1951 सालीं चर्नी रोडजवळ तारापोरवाला मत्स्यालय उघडलें आणि फणसवाडीकरांस समुद्रांतील मासे कांचेआड पाहावयास मिळाले. तेथें समुद्र शेजारींच. घरच्या पेटींत मात्र क्षार मिसळून तो तयार करावा लागतो. मग पाणी कोणतें घ्यावें?

मुंबईच्या नळाचें पाणी तानसा, वैतरणा, भातसा येथील तलावांचें. तें फारसें जड नाहीं व माणसास पिण्याजोगें आहे. परंतु त्यांतील जंतुनाशक क्लोरीन माशांच्या कल्ल्यांस इजा करतें. पाणी उघडें ठेवल्यास क्लोरीन बरेंचसें उडून जातें. विरघळलेले क्षार उडत नाहींत. उकळल्यानें जंतू मरतात, क्षार उलट दाट होतात.

पेटींतून वाफ होऊन जातें तें केवळ पाणी; मीठ मागें राहतें. म्हणून भर घालावयाची ती गोड्या पाण्याची. समजा, नळाच्या लिटरभर पाण्यांत 100 मिलिग्रॅम क्षार आहेत आणि रोज एक लिटर भर पडते. तर वर्षांत 36 ग्रॅमांहून अधिक क्षार सांचतील, म्हणजे लिटरभर समुद्रांत असतात जवळजवळ तितके! त्यांत फॉस्फेट असल्यास शेवाळ माजतें. तांब्याचा अंश असल्यास कोळंबी व प्रवाळ मरतात.

यास्तव ऊर्ध्वपातित किंवा आर. ओ. यंत्राचें पाणी वापरावें. मात्र चवीसाठीं क्षार परत मिसळणारें यंत्र नसावें. पिण्यास उत्तम तें पेटीस उत्तमच, असें नाहीं.