संगणकावरील ड्राइव्हचीं चित्रें

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरांत मासळीची होडी धक्क्याला लागली म्हणजे आधीं टोपल्या उतरतात. दोर सुटतो तो मागाहून. हा क्रम कोणास शिकवावा लागत नाहीं, कारण होडी, टोपली आणि दोर या तिन्ही वस्तु डोळ्यांसमोर असतात. संगणकाचें तसें नाहीं. त्याच्या पोटांतील तबकडी पाहणाऱ्यास दिसत नाहीं. दिसतें तें पडद्यावरील तिचें चित्र. तें चित्र किती खरें बोलतें, हें जाणून घेणें म्हणूनच अगत्याचें आहे.

1984 सालीं ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक निघाला. त्यांत फ्लॉपी घातली कीं तिचें चित्र पडद्यावर उमटे. कल्पना सुरेख होती. परंतु फ्लॉपी बाहेर काढण्याचा एक मार्ग असा होता कीं, तिचें चित्र ओढून कचऱ्याच्या पेटींत टाकावयाचें! नको असलेले कागद जेथें टाकावयाचे, तेथेंच जपून ठेवण्याची वस्तु नेतांना नवशिक्याची छाती दडपून जाई. पुढें 2001 सालीं निघालेल्या मॅक ओएस टेन या प्रणालींत ही अडचण दूर झाली. तबकडीचें चित्र ओढूं लागतांच पेटीच्या जागीं बाहेर काढण्याची खूण दिसूं लागली.

विंडोजमध्यें चित्राबरोबर अक्षरहि येतें. मुख्य तबकडीस ‘सी’ कां म्हणतात? ‘ए’ आणि ‘बी’ हीं अक्षरें फ्लॉपीसाठीं राखलेलीं होतीं. फ्लॉप्या गेल्या, पण मोजणी ‘सी’पासूनच राहिली. वड पडून गेला तरी जागेचें नांव वडाचा नाकाच राहतें, त्यांतलाच हा प्रकार.

खरी फसगत होते ती ‘सी’ आणि ‘डी’ या जोडींत. चित्रें दोन, म्हणून कपाटेंहि दोन, असा समज होतो. पुष्कळदां तबकडी एकच असून तिचे दोन कप्पे पाडलेले असतात. समजा, एखाद्या घरांत वडीलधाऱ्यांचीं छायाचित्रें आणि जमिनीच्या कागदांच्या प्रती ‘सी’मध्यें आहेत, आणि सावधगिरी म्हणून त्यांची नक्कल ‘डी’मध्यें ठेविली आहे. तबकडी बिघडली कीं मूळ आणि नक्कल दोन्ही एकदम जाण्याची भीति. पेटाऱ्याच्या दोन कप्प्यांत दागिने वांटून ठेवले, तरी चोर सबंध पेटाराच उचलतो. हें ताडून पाहणें सोपें आहे. ‘डिस्क मॅनेजमेंट’ हा भाग उघडावा; तेथें ‘डिस्क 0’च्या एकाच ओळींत ‘सी’ आणि ‘डी’ शेजारीं शेजारीं दिसले, तर तबकडी एकच आहे असें समजावें, आणि नक्कल निराळ्या, बाहेरच्या तबकडीवर ठेवावी.

पेनड्राइव्हचें अक्षर आज ‘ई’, तर उद्यां ‘एफ’ असूं शकतें. तेव्हां अक्षरावर न विसंबतां, चित्रावर माउसची उजवी कळ दाबून ‘रीनेम’ निवडावें आणि त्यास ओळखीचें नांव द्यावें. काढतांना मात्र घाई नसावी. काम संपल्याचें पडद्यावर दिसलें, तरी कांहीं मजकूर संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतींत थांबलेला असूं शकतो. ‘इजेक्ट’ केलें म्हणजे तो लिहून पुरा होतो. 2018 सालच्या विंडोज 10च्या आवृत्तीपासून पेनड्राइव्ह लवकर काढतां येईल अशी व्यवस्था मूळचीच धरण्यांत आली. तरीहि लेखन चालू असतां तो ओढणें घातकच.

टोपल्या उतरल्या कीं नाहीं, हें धक्क्यावर दिसतें. येथें तें विचारून घ्यावें लागतें, एवढाच फरक.