तलावाकाठचे पाडे आणि पाण्याचा हक्क

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे उच्चारताच लोकलगाड्यांची गर्दी, कारखाने आणि उंच इमारती डोळ्यांसमोर येतात. परंतु याच उपनगरांच्या मध्ये सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले असून त्याला लागूनच आरे दुग्ध वसाहत आहे. या डोंगररानात वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी आदी आदिवासींचे पाडे आहेत, ही गोष्ट शहरवासीयांच्या सहसा ध्यानात येत नाही. मुंबईच्या पाण्याचा इतिहास मात्र याच रानातून सुरू होतो.

डोंगर, झरा आणि पाडा

पाऊस झाडांच्या मुळांशी मुरतो, मुरलेले पाणी झऱ्यातून पाझरते, झऱ्यांचा ओहोळ होतो आणि ओहोळांची नदी. ही साखळी डोंगरात राहणाऱ्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. झऱ्याजवळ पाडा, उतारावर भाताची खाचरे आणि ओहोळात खेकडे व मासे, अशी त्यांच्या जीवनाची मांडणी होती. वारल्यांच्या दैवतांत नारनदेव हा पावसाचा देव मानला जातो. मल्हार कोळ्यांना तर गावकऱ्यांना व वाटसरूंना पाणी पुरविण्याच्या कामामुळे पूर्वी ‘पाणभरे कोळी’ असेच म्हणत. कान्हेरीच्या लेण्यांतील खडकात कोरलेली पाण्याची टाकी, म्हणजेच पोढी, पाहिली की या डोंगरातील जलसंचयाची परंपरा किती प्राचीन आहे, याची प्रचीती येते.

शहराचे तलाव

वाढत्या मुंबईची तहान भागविण्यासाठी १८६० मध्ये विहार तलाव पूर्ण झाला. त्यानंतर १८७९ मध्ये तुळशी आणि १८९१ च्या सुमारास पवई तलाव बांधण्यात आला. पवईचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही. विहार व तुळशी मात्र आजही शहराच्या पुरवठ्यातील अल्प वाटा उचलतात. पुढे १८९२ मध्ये तानसा व त्यानंतर वैतरणा आणि भातसा असे शहर आदिवासी तालुक्यांतील दूरदूरच्या नद्यांपर्यंत पोहोचले.

येथेच एक विसंगती दृष्टीस पडते. ज्या डोंगरावरून शहराला पाणी गेले, त्याच डोंगरातील अनेक पाड्यांत नळ फार उशिरा आला आणि काही ठिकाणी स्त्रियांच्या डोक्यावरील हंडा उतरला नाही. भातसा व तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील आदिवासी पाड्यांनाही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाची जवळीक म्हणजे पाण्याची उपलब्धता नव्हे, हाच याचा अर्थ होय.

नदीने दिलेला धडा

विहार व पवईच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी सुमारे १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. दहिसर नदीचा उगमही याच रानात, तुळशीच्या परिसरात आहे. पात्रे अरुंद होत गेली, काठ भरावाखाली गेले; आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठीने आपली जागा परत मागितली.

मिठीच्या पाणलोटातील आरे येथे मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली. त्या वेळी पाड्यांतील आदिवासी व शहरातील तरुण एकत्र उभे राहिले. ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबविली. कारशेड अखेर तेथेच झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रोही धावू लागली. वाहतूक सुधारणे आवश्यक होते, यात वाद नाही. परंतु रान हे पाण्याचे भांडार आहे, हा पाड्यांचा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांच्या दीर्घ लढ्यानंतर २०१७ मध्ये वांगानुई नदीला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा मिळाला. नदी आणि तिच्या काठचे लोक यांचे नाते तेथील कायद्याने मान्य केले.

कायद्याचा आधार

आपल्याकडेही असा आधार आहे. वनहक्क कायदा, २००६ याच्या कलम ३ अन्वये वनवासींना जलाशयातील मासे व अन्य उत्पन्नावरील सामुदायिक हक्क मिळू शकतो. त्याच कलमानुसार ग्रामसभेची शिफारस असल्यास पिण्याचे पाणी, जलवाहिनी व लहान जलसाठे यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ठरावीक अटींवर उपलब्ध करून देता येते. कलम ५ तर पाणलोट क्षेत्र व जलस्रोत यांच्या रक्षणाचा अधिकारच हक्कधारकांना व ग्रामसभेला देते. मुंबई उपनगर जिल्ह्यात ग्रामपंचायती नाहीत. त्यामुळे पाड्यांचे म्हणणे योग्य ठिकाणी पोहोचविण्याची अधिकाऱ्यांची जबाबदारी येथे अधिकच वाढते. ज्या जिल्ह्यांत पंचायती आहेत, तेथील सदस्यांनी या तरतुदी ग्रामसभेत वाचून दाखविल्या, तर अनेक पाड्यांचा पाणीप्रश्न मार्गी लागू शकेल.

शिक्षकांनाही एक साधे काम करता येण्याजोगे आहे. विद्यार्थ्यांना जवळच्या ओढ्याच्या काठाने उगमाकडे न्यावे आणि तेथील वृद्धांकडून कोणता झरा कधी आटला, ते लिहून घ्यावे. पाणी नळातून येते, असे मानणाऱ्या पिढीला ते डोंगरातून येते, हे कळणे अगत्याचे आहे. पाणलोटाचे रक्षण करायचे, तर तेथे राहणाऱ्यांना परके मानून चालणार नाही. आणि त्या पाण्याचा पहिला हंडा त्यांच्याच दारी भरला गेला पाहिजे.