मुलांच्या दारी गेलेली शाळा

गरीब विद्यार्थ्याला समाजाने हात द्यावा, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. वार लावून जेवणारी व माधुकरी मागणारी मुले शहरोशहरी शिकली. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून वसतिगृहे उभी राहिली आणि १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापून खेड्यातील मुलांना ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग दाखविला. या सर्व साहाय्याचे मोल मोठेच आहे. परंतु ते मुख्यतः शिकण्यासाठी घराबाहेर पडलेल्या मुलाच्या उपयोगी पडले. जे मूल शाळेच्या दारापर्यंत पोहोचतच नाही, त्याचे काय करावयाचे? या प्रश्नाचे एक उत्तर डहाणू तालुक्यात, पूर्वीच्या ठाणे व २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यात, शोधले गेले.

श्रीमती ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू झाले. मात्र माँटेसोरी पद्धतीची ही शाळा खर्चिक होती, आणि तिचा लाभ शहरातील सुस्थित घरांनाच मिळत होता. ही उणीव दूर करण्यासाठी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्यांच्या सोबतीस आल्या श्रीमती अनुताई वाघ. तेराव्या वर्षी विवाह आणि अवघ्या काही महिन्यांत वैधव्य, अशा स्थितीतून जिद्दीने शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या.

गावात बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतील मुले तेथे येईनात. आईबाप पहाटेच मजुरीस जात. मुलांना न्हाऊमाखू घालून, स्वच्छ कपडे चढवून वेळेवर धाडणार कोण? आणि आपली मुले तेथे कोणी बसवून घेईल, असा विश्वास तरी कोठून असावा? तेव्हा शिक्षिकाच वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढील अंगण झाडून तेथेच मुलांना बसवावे, हातपाय धुवावेत, केस विंचरावेत, मग गाणी व खेळ घ्यावेत, असा क्रम पडला. अंगणात भरणारी म्हणून ती ‘अंगणवाडी’. परदेशी धर्तीच्या महाग साधनांची जागा चिंचोके, शंखशिंपले, खडे, पाने, बांबू आणि माती यांनी घेतली. मोजणे शिकण्यास चिंचोका मण्याइतकाच उपयुक्त असतो. शिवाय तो हरवला तर कोणी रागावत नाही.

१९५७ मध्ये हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारली समाजाचे पाडे होते. १९४५ मध्ये याच परिसरात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला होता, एवढे सांगितले म्हणजे तेथील दारिद्र्याची कल्पना यावी. येथे अडचण निराळी होती : मूल हे घरचे कमावते माणूस होते. मुलगे गुरे राखीत, मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन दिवस काढीत. ‘मुलांना शाळेत पाठवा’ असा उपदेश तेथे व्यर्थ होता. म्हणून शाळेला लागूनच पाळणाघर ठेवण्यात आले. कडेवरचे बाळ तेथे निजले की ताई वर्गात बसण्यास मोकळी. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात गेले, आणि गुरे चरत असता झाडाखाली ‘कुरणशाळा’ भरू लागली. ज्यांचा सारा दिवस कामात जाई, त्यांच्यासाठी रात्रशाळा चालली. मुलाचा दिवस कसा जातो हे आधी पाहावयाचे आणि त्यात शाळेला जागा करावयाची, हीच कोसबाडची पद्धती होय.

प्रसिद्धी खात्यात काम करीत असल्यामुळे वह्या-गणवेश वाटपाचे समारंभ प्रस्तुत लेखकाने पुष्कळ पाहिले आहेत. त्यांची छायाचित्रे चांगली येतात. परंतु भावंड सांभाळणाऱ्या मुलीला वहीपेक्षा पाळणाघर अधिक निकडीचे असते, आणि त्याचे छायाचित्र सहसा कोणी मागत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने देशातील ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. आज देशात अशी सुमारे १४ लाख केंद्रे आहेत. सहा वर्षांखालील मुलांना पूरक आहार, लसीकरण व शालापूर्व शिक्षण तेथे मिळते. ताराबाई १९७३ मध्येच निवर्तल्या होत्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, अखेरपावेतो, हे कार्य पुढे नेले.

हाच विचार अन्यत्रही फळला. १९६९ मध्ये श्रीमती मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागीच मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी फिरते पाळणाघर सुरू केले. महाराष्ट्रात ऊसतोड मजुरांच्या तळांवर स्वयंसेवी संस्थांनी साखरशाळा चालविल्या.

आपल्या सीमाभागातील वाचकांना या अखेरच्या उदाहरणाची ओळख करून देण्याची गरज नाही. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या येतात, कोपी उभ्या राहतात आणि शाळा चालू असण्याच्या ऐन दिवसांत मुले फडात वाढे गोळा करताना दिसतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा असून तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण, या दोहोंची तरतूद त्यात आहे. जन्माचा दाखला नाही किंवा मूळ शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला, या कारणास्तव प्रवेश नाकारता येत नाही. तेव्हा टोळी गावात उतरताच शिक्षकांनी व ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी तळावर जाऊन मुलांची नावे लिहून घ्यावीत. लहानग्यांची नावे त्याच फेरीत अंगणवाडी सेविकेकडे द्यावीत, म्हणजे त्यांना सांभाळण्यासाठी थोरली बहीण मागे राहणार नाही.