शोधात सुकेळी सापडावीत म्हणून

पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की सुकेळी होतात. वसई-विरार पट्ट्यात आगाशीकडची ही खासियत. पण घरगुती विक्रेत्याची वेबसाइट उघडावी, तर बऱ्याचदा नाव, भाव, पत्ता सगळं एकाच देखण्या फोटोत कोंबलेलं! माणूस ते वाचतो; सर्च इंजिन मात्र मुख्यतः पानावर टाइप केलेल्या मजकुरावर विसंबतं. म्हणून ‘आगाशीची सुकेळी, विरार पश्चिम’ हे शब्द पानाच्या शीर्षकात आणि मजकुरात लिहाच. रंगसंगती नंतर बघू.

१९९८ साली सुरू झालेल्या गूगलने एका पानाकडे इतर किती आणि कोणती पानं बोट दाखवतात, यावरून त्याचं वजन ठरवलं. जवळपासचं दुकान शोधताना मात्र तीन गोष्टी पाहिल्या जातात: प्रश्नाशी संबंध, अंतर आणि दुकानाची ख्याती. अंतर आपल्या हातात नाही. उरलेल्या दोन गोष्टींवर मेहनत घेता येते. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. त्यात वेळ, फोन आणि नकाशावरची खूण अचूक भरा. आपल्याकडे पूर्व-पश्चिम चुकलं की गिऱ्हाईक रुळांच्या पलीकडे जाऊन उभं राहतं. समाधानी गिऱ्हाइकाला खरा अभिप्राय लिहायला सांगण्यात संकोच कशाला?

सर्चमधल्या जाहिरातीचे पैसे साधारणपणे क्लिकमागे जातात. ते भरून खालच्या मूळ निकालांतली जागा विकत मिळत नाही. ‘पहिला नंबर हमखास’ म्हणणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नका.