परक्याचे कर्ज आपल्या नावावर : पतमाहितीच्या सूचनांचा उपयोग

पीककर्जासाठी बँकेत गेलेल्या शेतकऱ्यास कधी कधी असे सांगण्यात येते की, त्याच्या नावावर अगोदरच एक कर्ज थकलेले आहे. ते कर्ज त्याने घेतलेले नसते. कर्ज देणाऱ्या कंपनीचे नावही ऐकलेले नसते. कोणी तरी त्याच्या आधार व पॅन कार्डांच्या प्रती मिळवून परस्पर उचल केलेली असते. पेरणी तोंडावर आली असता हा प्रकार उघडकीस यावा, यासारखी अडचण दुसरी नाही.

जमीन गहाण ठेवून काढलेले कर्ज सात-बाराच्या ‘इतर हक्क’ या सदरात बोजा म्हणून दिसते. विनातारण कर्जाचे तसे नाही. मोबाईलवरून मिळणाऱ्या लहानसहान कर्जांची नोंद उताऱ्यावर येत नाही. ती पतमाहिती कंपन्यांच्या दप्तरी होते. २००५ च्या कायद्यान्वये नियंत्रित होणाऱ्या अशा चार कंपन्या आपल्या देशात आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स व सीआरआयएफ हाय मार्क. कर्ज मंजूर करण्यापूर्वी बँका त्यांच्याकडील अहवाल पाहतात.

एखाद्या बँकेने वा वित्त कंपनीने आपला अहवाल पाहिला, तर तसे आपणास मोबाईल संदेशाने अथवा ई-मेलने कळविण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये या कंपन्यांवर घातले. एप्रिल २०२४ पासून ते अमलात आले. कपाशीतील कामगंध सापळ्यासारखीच ही व्यवस्था आहे. सापळ्यात पतंग सापडू लागले म्हणजे बोंडअळी येऊ घातली आहे हे कळते. पण केवळ तेवढ्याने पीक वाचत नाही, पुढील उपाय शेतकऱ्यासच योजावे लागतात.

मात्र ही सूचना पोहोचते ती नोंदविलेल्या क्रमांकावरच. आपल्याकडे खरी उणीव येथेच आहे. खाते उघडताना दिलेला क्रमांक बंद पडलेला असतो, शहरात गेलेल्या मुलाचा असतो, क्वचित अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराचाही असतो! तेव्हा बँकेत व आधारकडे आपला चालू क्रमांक नोंदवून घेणे हे पहिले काम होय. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पीककर्जाच्या हंगामापूर्वी एवढे एक काम घरोघर करून घेतले, तरी पुष्कळ साधेल.

सूचना आली म्हणजे कर्ज निघालेच, असे समजून घाबरू नये. आपण स्वतः अर्ज केला असल्यास ती येणारच. अर्ज केलेला नसताना आली, तर मात्र आठवडी बाजाराची वाट न पाहता त्याच दिवशी हालचाल करावी. संदेशातील दुव्यावर बोट ठेवू नये, कारण खोट्या सूचना पाठवूनही फसवणूक होते. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून दर कॅलेंडर वर्षात एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवून त्यात आपले नसलेले खाते आहे काय, हे पाहावे. जामीन राहिलेल्या कर्जाचीही नोंद त्यात असते, हे ध्यानात ठेवावे. विसरलेली जामीनकी पुष्कळदा फसवणूक वाटते.

परके खाते आढळल्यास कर्ज देणाऱ्या संस्थेकडे व पतमाहिती कंपनीकडे, दोहोंकडे लेखी तक्रार करून तिची पोच जपून ठेवावी. कंपनी ही नोंद आपल्या मर्जीने पुसत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेने चूक मान्य करावी लागते. म्हणून एकाच ठिकाणी तक्रार करून स्वस्थ बसणे व्यर्थ होय. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावे व पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी.

आधारची प्रत द्यावी लागल्यास, चालत असेल तेथे केवळ शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत द्यावी. बोटांच्या ठशांचा वापर आधारच्या सोयीतून कुलूपबंद करता येतो. गरज पडेल तेव्हा तो पुन्हा उघडता येतो.

तक्रारीचा निकाल ३० दिवसांत न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई मागण्याचा हक्क तक्रारदारास आहे. ही मागणी पोचपावतीवरील तारखेच्या आधारे करावी. त्यानंतरही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.